डोक्यावरचा स्लॅब, बिलातला स्लॅब

मंगळवारी सकाळी साडेअकराला दादाचा क्लायंट कॉल चालू होता. तेवढ्यात बाबा खोलीत शिरले. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून कमरेत वाकून भिंतीकडेने गेले, एसीचं बटण बंद केलं आणि तसेच वाकत बाहेर आले. दादाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. प्रोफेशनल माणूस आहे तो. कॉल संपल्यावर मात्र जे झालं ते खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही ऐकलं. संध्याकाळी त्यांनी आईला विचारलंच, "काय गं, सगळं ठीक ना?"

आम्ही बदलापूर पूर्वेला राहतो. चौथा मजला, म्हणजे सगळ्यात वरचा, आणि वर उघडी गच्ची. फ्लॅट घेताना हवा चांगली येते म्हणून वरचा घेतला होता. मे महिन्यात दुपारी दोनला आमच्या घराचं छत काय असतं ते कळायला हात लावून बघावं लागत नाही, खाली नुसतं उभं राहिलं तरी टाळूला कळतं. रात्री अकरालाही स्लॅबमधून गरमी उतरत असते. एप्रिल २०२४ मध्ये हवामान खात्याने ठाणे जिल्ह्यासाठी दोनदा उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. समुद्रावरचा वारा आपल्यापर्यंत येईस्तोवर दुपार निम्मी सरलेली असते, त्यामुळे कुलाब्यात ३४ म्हणतात तेव्हा आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो. हे अंबरनाथ-बदलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

या दुसऱ्या स्लॅबबद्दल, म्हणजे बिलातल्या स्लॅबबद्दल मात्र सांगायला हवं. कारण आमच्या घरातलं भांडण दिसायला एसीचं असलं तरी खरं त्या स्लॅबचं आहे. आणि गेला आठवडाभर कॉलेजच्या ग्रुपवर, ट्रेनमध्ये, क्लासमध्ये विचारत फिरल्यावर कळलं की ते फक्त आमच्या घरातलं नाही.

७४४, १,८८६ की २,२८८?

दादाचं म्हणणं साधं होतं. "माझ्या कामासाठी जो एसी चालतो त्याचे पैसे मी देतो. विषय संपला." बाबांचं म्हणणं, "दे ना. किती देतोस?" इथे विषय सुरू झाला.

मास कॉमला डेटा जर्नलिझमचा एक पेपर असतो. त्याचा घरी कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी दोन दिवस मीटरजवळ उभी राहिले. पहिल्या दिवशी अकरा ते दोन एसी बंद ठेवला (दादा लायब्ररीत जाऊन बसला). घरातले तीन पंखे, फ्रिज, टीव्ही वगैरे मिळून तीन तासांत १.२ युनिट. दुसऱ्या दिवशी तेच सगळं अधिक एसी, २४ वर: ३.६ युनिट. म्हणजे आमचा एक टनाचा एसी तापलेल्या छताखाली तासाला साधारण ०.८ युनिट खातो. दिवसाचे नऊ तास, महिन्याचे २२ दिवस धरले की होतात १५८ युनिट. एसीशिवाय आमचं उन्हाळ्यातलं बिल १८० युनिटच्या आसपास असतं. एकूण ३३८.

आता दर. आपल्याकडे तिन्ही शहरांत वीज महावितरणची. घरगुती ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासूनचे दर असे होते: पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या पुढे १६ रुपये ६४ पैसे. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार आणि इंधन समायोजन सध्या बाजूला ठेवूया, नाहीतर पानाची जागा तिथेच संपेल.

दादाने बिलाच्या मागचा पहिला दर बघितला आणि मोबाइलवर गुणाकार केला: १५८ गुणिले ४.७१, म्हणजे ७४४ रुपये. तेवढे त्याने लगेच बाबांना जीपेही केले.

बाबा बँकेतून रिटायर झालेत. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. १८० युनिटचे १,५०५ रुपये. ३३८ युनिटचे ३,४७७. फरक १,९७२, त्यावर १६ टक्के, झाले २,२८८. "तू घरी बसून काम करतोस म्हणून हे वाढले. म्हणजे हे तुझे."

दादाने मग तिसरा आकडा काढला. एकूण ३३८ पैकी माझे १५८, म्हणजे ४७ टक्क्यांच्या आसपास. एकूण बिलाचे ४७ टक्के. शुल्कासकट १,८८६. "सगळ्यांना सारखा भाव. मला एकट्यालाच महागातले युनिट का?"

गंमत बघा, ७४४ सोडला तर दोघांचंही गणित बरोबर आहे. फरक ४०२ रुपयांचा, आणि तो गणिताचा नाहीच. घरात शेवटी कोण आलं, हा तो प्रश्न आहे. बाबा म्हणतात, फ्रिज आधीपासून होता, पंखे आधीपासून होते, तुझा एसी नंतर आला, म्हणून वरच्या स्लॅबमध्ये तुझा एसी बसला. दादाचं उत्तर: "मीपण अठ्ठावीस वर्षं याच घरात आहे, बाबा. मी काय पाहुणा आहे?"

यावर कोणी काही बोललं नाही. आई कुकर बघायला आत गेली.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण विचारलेल्या दहापैकी निदान सहा-सात जणांचा तो होता. ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असं नसतं. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. ३०१ वं युनिट महाग, पहिली शंभर तेवढीच स्वस्त. माझ्या वर्गातल्या एकीचे काका महिनाअखेर २९५ झाले की घरातला मेन स्विच बंद करून सगळ्यांना गच्चीवर झोपवतात. त्यांनी हे वाचलं तर बरं होईल.

जून २०२०, बिल पहिलं

हा वाद आपल्याकडे जन्माला आला तो दिवस जवळपास सांगता येतो. २०२० मध्ये लॉकडाउन लागल्यावर मीटर रीडिंग थांबलं. महावितरणने डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या वापरावरून सरासरी बिलं पाठवली. म्हणजे थंडीतला वापर. प्रत्यक्षात आपण सगळे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दिवसभर घरात कोंडलेले, पंखे, टीव्ही, लॅपटॉप चालू. त्यात १ एप्रिलपासून नवे दर लागू झालेले. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि राहिलेले सगळे युनिट एकदम बिलात आले. महाराष्ट्रभर ओरड झाली, आंदोलनं झाली. शेवटी तीन हप्त्यांची सोय दिली, एकदम भरणाऱ्याला दोन टक्के सूट दिली. युनिट महिन्यांवर विभागून स्लॅबचा फायदा दिलाय, असं कंपनी सांगत होती. आमच्या घरी बाबांनी तीन तास बसून ते ताडून बघितलं आणि जुळलं. त्याचा त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं ते आजवर कळलेलं नाही.

मी तेव्हा बारावी संपवून घरी होते. दादाने त्याच महिन्यांत डायनिंग टेबलवर ऑफिस थाटलं. त्या वर्षी कोणी कोणाला हिशोब विचारला नाही, कारण सगळेच घरी होते आणि घाबरलेले होते. भांडण नंतर सुरू झालं, जेव्हा बाकीचे आपापल्या कामाला बाहेर पडले आणि एकच माणूस घरी राहिला.

तो एकच माणूस घरी का राहतो, तेही बघायला हवं. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. अंबरनाथ ६०, उल्हासनगर ५८. सकाळच्या फास्टला दारात लटकून जाऊन-येऊन रोजचे तीन-साडेतीन तास. २०२३ च्या शेवटी मोठ्या आयटी कंपन्यांनी लोकांना ऑफिसात परत बोलावलं, काहींनी पाच दिवस, काहींनी महिन्यातले काही दिवस. ज्यांना अजून घरून काम करायला मिळतंय ते ती सोय सहज सोडणार नाहीत. दादाचा लॅपटॉप दिवसाला जेमतेम अर्धा युनिट खातो, राउटर त्याहून कमी. काम करायला वीज लागत नाहीच जवळपास. छताखाली बसायला लागते.

कॅम्प चार आणि शिवमंदिराच्या बाजूला

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझी एक मैत्रीण राहते. तिला मी 'वर्क फ्रॉम होम' म्हटल्यावर ती हसली. तिच्या घरी ते वीस वर्षं चालू आहे. आई आणि मामी दोघी जीन्सचे धागे कापतात, बटणं लावतात, दोन शिलाई मशीन आहेत, नगावर पैसे. फाळणीनंतर लष्करी छावणीत निर्वासितांना वसवून १९४९ मध्ये उभं राहिलेलं हे शहर, इथे घर आणि कारखाना यांच्यात भिंत असलीच तर पत्र्याची. आता तिचा भाऊ त्याच खोलीत कस्टमर सपोर्टचं ऑनलाइन काम करतो. मशीनचा आवाज कॉलवर जातो, म्हणून त्याच्या शिफ्टमध्ये मशीन बंद. "त्याची शिफ्ट म्हणजे काम आणि आमचं काम म्हणजे आवाज," मैत्रीण म्हणाली.

त्यांच्याकडे एसी नाही, कूलर आहे. कूलरचं भांडण वेगळं. तो वीज कमी खातो पण आपल्या दमट हवेत त्याचा जोर चालत नाही. कूलर पाणी वाफवून हवा गार करतो, आणि हवेत आधीच बाष्प असेल तर पाणी वाफणार कुठे? नागपूरला जो कूलर स्वर्ग वाटतो तो उल्हासनगरात चिकचिक करतो. तरी तो भावाच्या टेबलाकडे तोंड करून असतो.

या घराला एक नियम मात्र कामाचा आहे. राहत्या घराच्या एखाद्या भागात छोटा उद्योग चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आणि आधीच्या वर्षात ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. म्हणजे तिथे ३०० ची रेघ खरोखर लक्ष्मणरेषा आहे. ती भावाच्या कूलरमुळे ओलांडली गेली तर फटका मशीनवर बसणाऱ्या दोघींना. मैत्रिणीच्या आईला हा नियम कागदावर माहीत नाही, पण रोज रात्री मीटर बघायची सवय आहे. मोठे ग्राहक कन्सल्टंट ठेवतात. इथे बाई टॉर्च घेऊन जिन्याखाली जाते.

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या बाजूला, तीन मुलं एक फ्लॅट शेअर करतात. दोघं एमआयडीसीत, एक घरून कोडिंग करतो. त्यांनी हुशारी केली, एसीला सब-मीटर लावला. दोन महिने शांतता होती. मग लक्षात आलं की सब-मीटर युनिट सांगतो, भाव सांगत नाही. एमआयडीसीतले दोघे म्हणाले, तू नसतास तर आम्ही दुसऱ्या स्लॅबच्या पुढे गेलोच नसतो. म्हणजे बाबा आणि दादा तिथेही होतेच, फक्त वय सारखं. शेवटी त्यांनी सब-मीटरच्या युनिटला सरसकट तेरा रुपये ठरवले. तेराच का, विचारलं तर म्हणाले, बारा कमी वाटत होते आणि चौदाला तो तयार नव्हता. मला विचाराल तर तिन्ही घरांतला हा सगळ्यात शहाणा तोडगा, कारण यात कोणाला बरोबर ठरवायची गरजच पडली नाही.

बिलात नसलेला चौथा माणूस

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, आमच्याकडे हेच, फक्त उलटं. तिकडे थंडी. ती घरून काम करते, दिवसभर हीटिंग, आणि जिजूंचा हात थर्मोस्टॅटवर. रशिया-युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये तिकडे गॅस-विजेचे भाव असे भडकले की ऑक्टोबरपासून सरकारला साधारण घराचं वर्षाचं बिल २,५०० पाउंडांच्या आसपास राहील असा दर बांधून द्यावा लागला. त्या हिवाळ्यात ती मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवून मीटिंगला बसायची.

पण तिच्या बोलण्यात एक गोष्ट होती जी आमच्या तीन आकड्यांत कुठेच नव्हती: कंपनी. नेदरलँड्समध्ये २०२२ पासून कंपनी घरून कामाच्या दिवसाचे काही पैसे करमुक्त देऊ शकते, सुरुवातीला ते दिवसाला दोन युरो होते. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस कायदाच केला की घरून कामामुळे वाढलेला विजेचा आणि इंटरनेटचा खर्च मालकाने द्यायचा. आपल्याकडे? केंद्राच्या कामगार मंत्रालयाने ३१ डिसेंबर २०२० ला सेवा क्षेत्रासाठी नमुना स्थायी आदेशांचा मसुदा काढला, त्यात वर्क फ्रॉम होमचा उल्लेख आला. विजेच्या बिलाचं काय, ते घरातल्यांनी बघायचं. पगारदाराला यासाठी वेगळी कर वजावटही नाही, जी प्रमाणित वजावट आहे ती घरून काम करा नाहीतर ऑफिसातून, सारखीच.

दादाची कंपनी इंटरनेटचे पैसे देते. विजेचे मागायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मागितले तर म्हणतील ऑफिसला ये, तिथे एसी फुकट आहे." बरोबर आहे. ऑफिसातला एसी, लिफ्ट, दिवे, चहा, हे सगळं कंपनीच्या बिलातून उतरलं आणि एकेका घराच्या बिलात चढलं, तेही तिसऱ्या स्लॅबमध्ये. आणि भांडतायत कोण, तर बाप आणि मुलगा. मला हे खटकतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "ते खरं असेल, पण बिलावर नाव माझं आहे."

आईने मात्र वेगळाच प्रश्न काढला. बाबांच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "यात माझं काय लिहिलंय? मी पण घरूनच काम करते." कोणी हसलं नाही. सकाळी आठ ते दुपारी एक स्वयंपाकघरात ती असते, गॅस पेटलेला, पंखा लावला तर ज्योत फडफडते म्हणून पंखा बंद. तीन आकड्यांपैकी कुठल्याच आकड्यात ती नाही, कारण ती युनिटच खात नाही.

जे दोन्ही बाजूंनी बघितलं नाही

हिशोब हातात होताच म्हणून पुढे केला. २०२० पासून नव्या एसींना कारखान्यातून २४ अंश हेच सेटिंग येतं. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. दादाने २४ चं २६ केलं तर १५८ पैकी १९ युनिट वाचतील, आणि ते सगळे तिसऱ्या स्लॅबमधले, म्हणजे शुल्कासकट ३४६ रुपये. ज्या ४०२ रुपयांवरून तीन दिवस अबोला होता, त्यातले बहुतेक रिमोटच्या दोन टिचक्यांत.

दुसरं, पंखे. आमचे तिन्ही जुने, प्रत्येकी ७५ वॅटचे. हॉलमधला सकाळी सहापासून बाबांच्या डोक्यावर असतो. बीएलडीसी पंखा तेवढीच हवा ३० वॅटच्या आसपास देतो. तीन पंखे, दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला साठेक युनिट कमी. एसीच्या एक तृतीयांशाहून जास्त! पण पंख्यावरून कोणी भांडत नाही. हे सांगितल्यावर दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाबा म्हणाले, "तीन पंख्यांचे पैसे कोण देणार?" पुन्हा कॅलेंडर.

गच्चीवर सोलर लावावं असंही निघालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतःचं छत असलेल्याला तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. आमच्या डोक्यावर छत आहे, पण ते सोसायटीचं. सोसायटीला सामाईक वापरासाठी, लिफ्ट-पंपासाठी, किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. सेक्रेटरींना विचारलं तर त्यांनी एजीएममध्ये विषय घेऊ म्हटलं. गेल्या एजीएममध्ये लिफ्टच्या आरशाचा विषय होता, तो अजून चालू आहे.

राहता राहिली आजी. ती ७८ वर्षांची आहे, हॉलमध्ये दिवाणावर असते. दार उघडं ठेवलं तर थोडी गार हवा तिच्यापर्यंत जाते, पण एसी जास्त चालतो आणि कुकरची शिट्टी क्लायंटला ऐकू जाते. बंद ठेवलं तर ती उकाड्यात. गेल्या शुक्रवारी दुपारी तिला चक्कर आल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले पाणी द्या, गार जागी बसवा. घरात गार जागा एकच आहे.

तेव्हापासून आजीची खुर्ची दादाच्या खोलीत आहे, कॅमेऱ्याच्या मागे. एसी २६ वर, पंखा एकवर, दार बंद. ती जप करते आणि मधूनच मोठ्याने विचारते, "हा कोण बोलतोय रे, सारखा सॉरी सॉरी म्हणतोय?" दादा म्यूट करायला शिकलाय. बाबा आता खोलीत वाकून जात नाहीत, आजीला पाणी द्यायच्या निमित्ताने सरळ जातात आणि जरा वेळ थांबतात. आईची खुर्ची अजून स्वयंपाकघरातच आहे, त्यावर मी दादाशी बोलणार आहे.

एसीचे युनिट आता कोणाच्या नावावर, ते ठरलेलं नाही. रीडिंग पुढच्या आठवड्यात आहे.